फुले योजना आणि आयुष्मान कार्ड: डिपॉझिट भरण्याआधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सहा माणसं, केशरी रेशन कार्ड, मुलगा रिक्षा चालवतो, महिन्याला बारा-तेरा हजार हातात पडतात. आई ६६ वर्षांची. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली आहे, ब्लॉकेज निघालं तर लगेच स्टेंट. वडील ७२ वर्षांचे. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. मोफत सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज कुठे करायचा, किती दिवस लागतात आणि उत्पन्नाचा दाखला लागतो का?

शेवटचं आधी सांगतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभे असाल तर घरी जा आणि रेशन कार्ड शोधा.

महाराष्ट्रात या कामाच्या दोन योजना आहेत आणि आता त्या एकत्रच चालतात. राज्याची ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. बऱ्याच लोकांच्या तोंडी अजून ‘जीवनदायी’च आहे. केंद्राची ती आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, सप्टेंबर २०१८ पासूनची. फुले योजनेत अनेक वर्षं कुटुंबाला दीड लाखाची मर्यादा होती, आणि पांढऱ्या कार्डवाल्यांना जागा नव्हती; अपवाद फक्त मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने हे चित्र बदललं. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशन कार्ड चालतं, महाराष्ट्राचा अधिवास दाखलाही चालतो, आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून. त्यामुळे रुग्णालयाच्या भिंतीवर जुना ‘दीड लाख’चा फलक दिसला तर तो जुना आहे एवढंच समजायचं.

आता मुद्द्याचं. फुले योजनेला आधी अर्ज करायचा, मग मंजुरीची वाट बघायची, असा प्रकारच नाही. तुम्हाला हप्ता भरावा लागत नाही आणि तुमचं कुटुंब आजच्या घडीला योजनेत आहेच. रुग्ण ज्या दिवशी योजनेतल्या रुग्णालयात जातो त्या दिवशी तिथल्या आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या) टेबलावर त्याची नोंद होते आणि त्या नोंदीपासून योजना सुरू होते. त्या आधी भरलेला पैसा योजनेत येत नाही. ही परताव्याची योजना नाही. बिलं गोळा करून नंतर कुठे सादर करायची सोयच तिच्यात नाही. रात्री धावपळीत कॅश काउंटरला पन्नास हजारांचं डिपॉझिट भरायचं, तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांकडून योजनेबद्दल ऐकायचं आणि मग आरोग्यमित्राला शोधत फिरायचं, हा क्रम इतका ठरलेला आहे की या योजनेत सर्वात जास्त नुकसान कशाने होतं असं विचारलं तर मी कागदांच्या आधी याचंच नाव घेईन.

म्हणून काउंटरवर पहिलं वाक्य ‘पेशंट फुले योजनेतला आहे, आरोग्यमित्र कुठे बसतात?’ हेच हवं. नंतर सांगू, आधी ॲडमिशन होऊ दे, असं नको. केसपेपरवर रुग्णाची नोंद ‘कॅश’ म्हणून झाली की ती ‘योजना’ करून घेताना लोकांचा घाम निघतो.

कागद दोनच लागतात, पण दोन्ही नीट हवेत. एक रेशन कार्ड, दुसरं रुग्णाचं फोटो असलेलं ओळखपत्र. आधार असेल तर प्रश्न नाही; नसेल तर मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटोसह बँक पासबुक, अपंगत्वाचा दाखला, शाळेचं ओळखपत्र यांपैकी काहीही. लहान मुलाचं ओळखपत्र नसतं, तिथे जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचं ओळखपत्र. रेशन कार्ड मूळ न्या. झेरॉक्स दोन-तीन काढा, पण पहिलं, शेवटचं आणि नावांचं अशी सगळी पानं असू द्या. नुसतं पहिलं पान घेऊन आलेल्या माणसाला परत घरी जावं लागतं.

रेशन कार्डात तीन ठिकाणी अडतं.

पहिलं म्हणजे बारा अंकी नंबर. जुन्या छापील कार्डावर जो नंबर असतो तो वेगळा. पुरवठा विभागाच्या संगणकात कार्ड चढवलं की त्याला बारा अंकी ऑनलाइन नंबर मिळतो, आणि आरोग्यमित्र तपासतो तो हा नंबर. धान्य घेणाऱ्यांना हा नंबर दुकानदाराच्या पावतीवर दिसतो. जे वर्षानुवर्षं धान्य घेत नाहीत, म्हणजे पांढरी कार्डं आणि बरीचशी केशरी कार्डं, त्यांचं नाव संगणकात चढलेलंच नसतं किंवा मधल्या काळात बंद पडलेलं असतं. तुमचं कार्ड केशरी आहे. धान्य मिळत असेल तर काळजी नाही, मिळत नसेल तर आजच रेशन दुकानदाराला विचारा. नंबर नसेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत (मुंबई-पुण्यात शिधावाटप कार्यालयात) घरातल्या सगळ्यांचे आधार आणि मूळ कार्ड घेऊन जावं लागतं. रुग्ण आयसीयूत असताना हे काम करण्याची वेळ येऊ नये.

दुसरं, नावाचा मेळ. रेशन कार्डावर ‘कमलाबाई’, आधारवर ‘कमल’. एकीकडे नवऱ्याचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. इंग्रजीत एका ठिकाणी ‘डब्ल्यू’, दुसरीकडे ‘व्ही’. एखाद्या अक्षराच्या फरकाला सहसा कोणी अडवत नाही. नावच वेगळं असेल, वयात दहा वर्षांचा फरक असेल, किंवा लग्नाआधीचं आडनाव असेल तर अडवतात, आणि त्यात त्यांचं चूक नाही: एकाच्या कार्डावर दुसऱ्याचे उपचार करून घेण्याचे प्रकार घडलेले आहेत. आधार दुरुस्त करायचं की रेशन कार्ड, हे नीट विचार करून ठरवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. रेशन कार्डाला असं बंधन नाही. त्यामुळे आधार बरोबर असेल तर त्याप्रमाणे रेशन कार्ड करून घेणं सोयीचं.

तिसरं, कार्डावर नावच नसणं. तुमच्या सुनेचं हेच आहे. योजनेत कुटुंब म्हणजे कार्डावर असलेली माणसं, बाकीची नाहीत. तिच्या माहेरच्या कार्डावरून नाव कमी करून तसा दाखला घ्यायचा, मग तो दाखला, लग्नाचा पुरावा आणि आधार जोडून तुमच्या कार्डात नाव वाढवायचं. सोप्या कामाला दोन कार्यालयं लागतात, आणि माहेर दुसऱ्या तालुक्यात असेल तर दोन तहसील. तोवर तिला काही झालं तर? माहेरच्या कार्डावर नाव आहे तोपर्यंत तिची नोंद त्या कार्डावर होऊ शकते, ते कार्ड मागवून घ्या. दोन्हीकडून नाव गायब असलेला मधला काळ हा सर्वात धोक्याचा, त्यामुळे नाव कमी झालं की पुढच्या आठवड्यातच वाढवायला टाका. मूल झाल्यावरही असंच: जन्मदाखला हातात आला की बारशाच्या खरेदीआधी रेशन कार्ड.

गावाकडचं कार्ड आणि राहणं शहरात, याने काही बिघडत नाही. बीडचं कार्ड पुण्यातल्या रुग्णालयात चालतं. योजनेसाठी म्हणून कार्ड बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

आता आईच्या अँजिओग्राफीकडे येऊ. रुग्णालय योजनेत आहे एवढी माहिती पुरत नाही. रुग्णालयाला विशेषज्ञतेनुसार मान्यता असते. एखादं रुग्णालय हाडांच्या आणि किडनीच्या उपचारांसाठी योजनेत असेल आणि हृदयासाठी नसेल. दारावरचा फलक मात्र एकच असतो. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून ‘आमच्या जिल्ह्यात हृदयविकारासाठी योजनेतली रुग्णालयं कोणती’ असं नेमकं विचारा. दोन-तीन नावं घ्या, मग प्रत्येक ठिकाणी जाऊन आरोग्यमित्राला गाठा. कॅथ लॅब (अँजिओग्राफी आणि स्टेंटची खोली) तिथेच आहे का, हेही विचारून घ्या.

अँजिओग्राफीचं दुखणं असं, की अनेक जण ती ओळखीच्या डॉक्टरांकडे, योजनेबाहेरच्या रुग्णालयात पैसे भरून करतात. तिथे ब्लॉकेज निघालं की ‘आत्ताच टाकून टाकू, टेबलावरून काढलं तर धोका’ असं सांगितलं जातं, घाबरलेला मुलगा सही करतो आणि दीड-दोन लाखांचं कर्ज अंगावर येतं. खरोखर तातडी असेल तेव्हा डॉक्टरांचं ऐकायलाच हवं. पण तब्येत स्थिर असून तारीख ठरवून अँजिओग्राफी करायची असेल, तर ती पहिल्यापासून योजनेतल्याच रुग्णालयात करा. ब्लॉकेज निघून स्टेंट टाकला गेला तर तपासण्या त्याच पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या दरात, मोडतात. फक्त तपासणी होऊन पुढे काही करावं लागलं नाही तर खर्च कोणाचा, हे आत जाण्याआधी आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा.

योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. डॉक्टरांची रोजची तपासणी, बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, नुसती सोनोग्राफी यात येत नाही. डायलिसिस आणि केमोथेरपी येतात, तिथे प्रत्येक फेरीला रात्रभर राहावं लागत नाही. उपचारांची यादी ठरलेली आहे. २०२४ च्या बदलात ती १३५६ उपचारांवर गेली आणि सरकार तिच्यात मधूनमधून भर घालतं. यातले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. खासगी रुग्णालय ‘हे योजनेत बसत नाही’ म्हणालं तर तीन शक्यता असतात: उपचार यादीत नाही, यादीत आहे पण सरकारीसाठी राखीव, किंवा यादीत आहे पण या रुग्णालयाला त्याची मान्यता नाही. कोणती, ते विचारा. चौथी शक्यता, म्हणजे रुग्णालयाला करायचंच नाही, तिच्याकडे नंतर येतो.

नोंद झाल्यावर काय होतं ते माहीत असलं की जीव टांगणीला लागत नाही. आरोग्यमित्र कागद तपासून रुग्णाची नोंद करतो, फोटो घेतो. डॉक्टर तपासून निदान लिहितात, रिपोर्ट संगणकावर चढवले जातात आणि पूर्वमंजुरीची विनंती पाठवली जाते. बोलीत याला ‘प्री-ऑथ’ म्हणतात. पलीकडे डॉक्टरांचं पथक ती पाहतं आणि मंजुरी देतं, नाकारतं किंवा शंका काढतं. ही शंका म्हणजे ‘क्वेरी’. रुग्णालय ‘मंजुरी आली नाही’ म्हणत असेल तर दहापैकी बऱ्याच वेळा तिकडून नकार आलेला नसतो, क्वेरी आलेली असते आणि तिला उत्तर दिलेलं नसतं. म्हणून ‘मंजुरी आली का?’ असं न विचारता ‘क्वेरी काय आलीय?’ असं विचारा. एक्स-रेवर रुग्णाचं नाव आणि तारीख नाही, अँजिओग्राफीची सीडी चढवली नाही, बायोप्सीचा कागद धूसर स्कॅन झालाय, जुन्या ऑपरेशनचा कागद हवाय, अशी कारणं असतात. यातले अर्धे कागद घरच्या पिशवीत असतात. आईचे जुने सगळे रिपोर्ट, ईसीजी, टू-डी इको, आधीच्या डिस्चार्जचे कागद तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल रुग्णालयाला देऊन टाकू नका, झेरॉक्स द्या. नोंदणी क्रमांक कागदावर लिहून घ्या. टोल-फ्रीवर फोन केल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

तातडीच्या रुग्णाला या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. हार्ट अटॅक, अपघात अशा वेळी रुग्णालय फोनवरून सूचना देऊन उपचार सुरू करू शकतं आणि कागद मागाहून देता येतात. मात्र मागाहून म्हणजे ‘सावकाश’ नव्हे. रेशन कार्ड गावी असेल तर कोणाला तरी त्याच रात्रीच्या एसटीने पाठवा, आणि तोवर कार्डाच्या पानांचे फोटो मोबाइलवर मागवून आरोग्यमित्राला दाखवा. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड घेऊन आलेल्याचं काही होत नाही.

मंजुरीनंतर त्या उपचाराचं पॅकेज लागू होतं. त्यात जनरल वॉर्डातली खाट, नर्सिंग, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, औषधं, रक्त, ऑक्सिजन, स्टेंट किंवा इम्प्लांट, तपासण्या, रुग्णाचं जेवण, आणि घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं, एवढं सगळं धरलेलं असतं. हो, भाडंसुद्धा. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं आणि मागितल्याशिवाय फारसं कोणी आठवण करून देत नाही. ऑपरेशननंतर गुंतागुंत होऊन चार दिवस जास्त राहावं लागलं तरी तो खर्च पॅकेजमध्येच. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधंही यात येतात. योजना जनरल वॉर्डापुरती आहे. वरचा फरक भरून स्पेशल रूम घेण्याची सोय तिच्यात नाही. ‘आईला एसी रूम द्या, आम्ही थोडे भरतो’ असं भावाभावांत ठरवून कोणी बोलून बसलं की रुग्ण कॅशमध्ये गेलाच समजा.

आता पैशांच्या मागण्या. योजनेचे दर सरकारने बांधून दिलेले आहेत आणि खासगी बिलांपेक्षा कमी आहेत. शिवाय रुग्णालयाला पैसे डिस्चार्जनंतर दावा मंजूर झाल्यावर मिळतात. त्यामुळे काही ठिकाणी टाळाटाळ होते. ती उघड नकाराच्या रूपात क्वचितच दिसते. ‘योजनेच्या खाटा भरल्यात’, ‘सर्व्हर डाऊन आहे, तोवर डिपॉझिट भरा’, ‘योजनेतला स्टेंट साधा असतो, तीस हजार वर द्या, भारीतला टाकू’, ‘ही दोन औषधं बाहेरून आणा’ अशी वाक्यं कानावर येतात. सर्व्हर खरोखर बंद पडतो, खाटाही खरोखर भरतात, हे मान्य. पण मंजूर केसमध्ये स्टेंटचा फरक मागणं नियमात बसत नाही आणि बाहेरून औषध आणायला लावणंही नाही. स्टेंट बसवल्यावर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलं जातं; डिस्चार्जच्या कागदांत ते पाहून घ्या. बाहेरून काही आणावंच लागलं तर चिठ्ठी डॉक्टरांच्या सहीची आणि बिल रुग्णाच्या नावाचं हवं. तक्रारीत चालतात ते हेच दोन कागद. तोंडी सांगितलेल्या आकड्याला किंमत नाही.

सह्यांच्या गठ्ठ्यात एक कागद वेगळा काढून वाचा. ‘आम्हाला योजनेची माहिती देण्यात आली असून आम्ही स्वखुशीने योजनेचा लाभ घेऊ इच्छित नाही’ अशा अर्थाचा मजकूर असतो. भूल देण्याच्या संमतीपत्राच्या खाली तो सरकवलेला असला तर घाईत सही होते, आणि नंतरच्या तक्रारीला रुग्णालयाचं उत्तर म्हणून तोच कागद पुढे येतो. वाचता येत नसेल तर वॉर्डातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला बोलवा, लाजू नका.

तक्रार रुग्ण खाटेवर असतानाच करायची. घरी गेल्यावर केलेल्या तक्रारीची चौकशी होते, पण खाटेवरच्या रुग्णाच्या तक्रारीवर त्याच दिवशी फोन फिरतात. क्रम असा ठेवा: आरोग्यमित्र, मग टोल-फ्री (तक्रार क्रमांक मागून घ्या), मग योजनेचे जिल्हा समन्वयक. जिल्हा समन्वयकांचा नंबर आरोग्यमित्राच्या टेबलाजवळच्या फलकावर असायला हवा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. ‘लिहून द्या’ एवढ्या दोन शब्दांनी कितीतरी खाटा अचानक रिकाम्या होतात.

हे झालं आईचं. तिला याच आठवड्यात नेता येईल, काही काढून आणायचं नाही. आता ज्याला ‘अर्ज’ म्हणता येईल त्याकडे वळू.

आयुष्मान कार्ड आधी काढून ठेवावं. फुले योजना मुख्यतः महाराष्ट्रातल्या रुग्णालयांपुरती आहे, तर आयुष्मान कार्ड देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालतं. नाव मात्र केंद्राच्या यादीत असावं लागतं. ही यादी मुळात २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून केली होती. नंतर राज्यात अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब गटातली रेशन कार्डंही तिच्यात घेतली गेली. केशरी कार्डांत दोन प्रकार आहेत: ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असलेली आणि नसलेली. तुमच्या कार्डावर काय आहे ते पाहा. शिक्का नसला तरी फुले योजना आहेच.

कार्ड काढायला आयुष्मान ॲप आहे, किंवा बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन हे संकेतस्थळ. मोबाइल नंबर टाकून ओटीपीने आत जायचं, राज्य आणि जिल्हा निवडायचा, मग आधार क्रमांकाने किंवा कुटुंब क्रमांकाने नाव शोधायचं. कुटुंबातली माणसं एकाखाली एक दिसतात आणि कोणाचं कार्ड झालंय, कोणाचं नाही, हेही दिसतं. कार्ड माणशी वेगळं निघतं, संरक्षण मात्र कुटुंबाला मिळून. प्रत्येकाची आधारवरून ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) करायची, समोरून फोटो काढायचा, नातं भरायचं आणि पाठवायचं. यादीतली आणि आधारवरची माहिती चांगली जुळली तर कार्ड लगेच मंजूर होतं; फरक जास्त असेल तर तपासणीला जातं. यादीत घरातलं एक नाव असेल आणि बाकीची नसतील तर सदस्य वाढवण्याची सोय त्याच ठिकाणी आहे.

इथे अडतं ते बोटांवर. भांडी घासणाऱ्या, विटा उचलणाऱ्या, शेतात राबणाऱ्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात; यंत्र पाच वेळा लाल दिवा दाखवतं आणि ऑपरेटर ‘आजींचं होत नाही’ म्हणून परत पाठवतो. ठशाशिवाय आणखी तीन वाटा आहेत: आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅन आणि चेहऱ्यावरून ओळख. चेहऱ्याची सोय ॲपमध्येच आहे. उजेडाकडे तोंड करून, चष्मा काढून, पदर मागे घेऊन आजींना बसवा. बहुतेक वेळा होतं. आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो आधी बदला. नुसता ओटीपी येत नाही म्हणून महिनोन्‌महिने रखडलेली कार्डं असंख्य आहेत.

ॲप जमत नसेल तर आशा ताई, आपले सरकार सेवा केंद्र किंवा योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र. कार्ड मोफत आहे.

एक घोटाळा फार होतो. ‘आभा’ कार्ड म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे. आभा हा चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांक. रिपोर्ट एका जागी राहावेत म्हणून. ते श्रीमंत-गरीब कोणालाही दोन मिनिटांत काढता येतं आणि त्यावर एक रुपयाचाही विमा नसतो. दोन्हींवर ‘आयुष्मान भारत’ छापलेलं असल्याने लोक आभा लॅमिनेट करून पाकिटात ठेवतात आणि रुग्णालयात गेल्यावर कळतं.

वडिलांचं काम सर्वात सोपं. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्न, रेशन कार्ड, यादी, काही पाहत नाहीत. आधारवरचं वय एवढाच निकष. त्याच ॲपमध्ये त्याचा वेगळा पर्याय आहे. कुटुंब आधीच योजनेत असलं तरी घरातल्या सत्तरीवरच्यांसाठी वर्षाला आणखी ५ लाख वेगळे धरले जातात, म्हणजे आईच्या उपचारात कुटुंबाचे पाच लाख संपले तरी वडिलांचे शाबूत. आधी आयुष्मान कार्ड काढलेलं असलं तरी वय वंदनाची ई-केवायसी पुन्हा करावी लागते. आई सत्तरीची झाली की तीही याच पाच लाखांत वाटेकरी होईल.

उत्पन्नाचा दाखला लागतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे उपचार योजनेच्या यादीत नसेल तेव्हा. धर्मादाय न्यासांची मोठी रुग्णालयं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली बांधलेली आहेत: दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात. निर्धनसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. महिना बारा-तेरा हजार म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या आसपास. तुम्ही निर्धन गटात बसता. तिथे भेटायचं ते वैद्यकीय समाजसेवकाला, बिलिंगला नाही. आणि रोजच्या शिल्लक खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहून जायचं. दाखला तहसीलदारांचा लागतो. तो मिळायला तलाठ्याच्या अहवालापासून सुरुवात होते आणि लोकसेवा हक्क कायद्याची मुदत धरली तरी पंधरवडा जातो, म्हणून हे काम घरात कोणी आजारी नसताना करून ठेवा.

त्यातूनही भागलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. उत्पन्न मर्यादा १ लाख ६० हजार, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक हवं, आणि रुग्णालय खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र. फुले, आयुष्मान किंवा धर्मादाय यांत केस बसते का, हे ते आधी विचारतात. पैसे मंजूर झाले तर थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि इथेही आधी बिल भरून मागाहून केलेला अर्ज चालत नाही.